हिरड्याचं पाणी

रविवार आहे, जुन्नरचा आठवडे बाजार भरलाय. भुरभुर थांबायचं नाव घेत नाही. शिवनेरीचा माथा ढगात गेलाय आणि भाजीवाल्यांनी डोक्यावर निळं प्लास्टिक ताणलंय. बाजाराच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली लोहाराची भट्टी पेटलीय. पुढे पोत्यावर विळे, खुरपी, कोयते ओळीनं मांडलेत. गिऱ्हाईक तिथेच वाकतं, बोट फिरवून धार बघतं आणि घासाघीस सुरू करतं. माझी नजर मात्र मागच्या फळीवरच्या बिस्किटाच्या डब्यावर आहे. त्यात घडीचे चाकू असतात.

लोहारमामा डबा पुढं सरकवतात. “बघा. पर वरचेच बघा. खालचे गिऱ्हाइकाचे हायेत.”

वरचे चाकू म्हणजे कुणी मोडीत दिलेले, कुणी दुरुस्तीला टाकून विसरलेले. एक उचलतो. पातं चार बोटं लांब, मूठ बाभळीची, मधे करवतीनं पाडलेली फट. पातं या फटीत मिटतं. आत कमान नाही, खटका नाही. एका पितळी खिळ्यावर सगळा कारभार. खिळा दोन्ही अंगांनी ठोकून बसवलाय, खाली वायसर आहे. तो सैल झाला की पातं लडबडतं, फार आवळला की नख मोडायची पाळी येते. मामा चाकू माझ्या हातातून घेतात, ऐरणीच्या कोपऱ्यावर धरून खिळ्यावर दोन हलके ठोके देतात, उघडून मिटून बघतात, पुन्हा अर्धा ठोका. आता पातं अंगठ्याच्या जोरानं उघडतं आणि जिथं सोडावं तिथं थांबतं.

घडीच्या चाकूंचा नाद असलेली माणसं पुण्या-मुंबईत बरीच आहेत. कुणाच्या कपाटात शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा जुना चाकू असतो, पात्यावर चांदणी आणि माल्टीज क्रॉसचा छाप. माझ्या पिशवीत आज फ्रान्सचा ओपिनेल आहे, आठ नंबरचा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. साव्वा प्रांतातल्या जोसेफ ओपिनेलनं हा चाकू 1890 मध्ये केला तो शेतकऱ्यांच्या खिशासाठीच. तो मामांपुढं ठेवतो. ते लाकूड बघत नाहीत, पातंही बघत नाहीत. मुठीच्या गळ्याशी असलेली लोखंडी कडी फिरवतात. कडी फिरली की पातं अडकतं, परत फिरवली की सुटतं.

“ही कवा बसवली ह्यांनी?”

“1955 साली. आधी नव्हती.”

“म्हणजे आधी आपल्यासारखाच हुता की!” मामा कडी पुन्हा फिरवतात. पुन्हा.

तेवढ्यात एक पोरगा मोटरसायकल लावून आत येतो. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलीय. “मामा, झाला का माझा?”

खालचे चाकू कुणाचे ते आता कळतं. हा द्राक्षकलमं करणाऱ्या टोळीतला. नारायणगावच्या अंगाला सध्या त्यांची धांदल आहे. उन्हाळ्याआधी लावलेला डॉगरिजचा खुंट ऑगस्ट-सप्टेंबरात पेन्सिलीएवढा जाड होतो. मग त्याचा शेंडा छाटून, मधे चीर देऊन, तिच्यात जम्बो नाहीतर शरद सीडलेसची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. हे पाचर कलम. खुंटाची आणि काडीची सालीखालची हिरवी रेघ एकमेकींना चिकटली तर कलम लागतं. काप वेडावाकडा झाला, मधे वारा राहिला, तर काडी वाळून जाते.

मामा डब्याच्या तळातून त्याचा चाकू काढतात. मूठ जुनी, घामानं गुळगुळीत झालेली, पातं कोरं. मोडीतल्या कानशीचं आहे. “गाडीच्या पाट्याचं पोलाद कोयत्याला चांगलं, मार खातं. कलमाला कानस पायजे. धार टिकती.” पातं लालबुंद करून पाणी देऊन झालंय. नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं तडकतं, म्हणून मामांनी ते घासून पुन्हा निखाऱ्याच्या कडेला धरलं होतं. पाठीच्या अंगाला पिवळसर, वाळल्या गवताचा रंग अजून दिसतो. तो रंग धावत आला की थांबायचं, हीच त्यांची मोजपट्टी.

धार एकाच अंगानं आहे. दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू काडीला टेकली की काप सरळ निघतो, पात्याला वळायला वाव राहत नाही. पोरगा डावखुरा आहे, त्यामुळं त्याच्या चाकूची धार उलट्या अंगाला. त्याच्या टोळीत हा चाकू दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही.

असा तिरपा, एका दमात घेतलेला काप जुन्नरला नवा नाही. इथले कागदी एकेकाळी जुन्नरी कागद करत, पेशवाईच्या दप्तरात तो नावाजलेला होता. त्या कागदावर लिहायचं ते बोरूनं, आणि बोरूचं टोक तासायला कारकुनाजवळ चाकू असेच. आता लेखणीच्या जागी द्राक्षाची काडी आली आहे.

“थांब, काळा करून देतो,” मामा म्हणतात.

कोपऱ्यातल्या जर्मनच्या पातेल्यात हिरडा उकळतोय. पश्चिमेकडच्या डोंगरातला बाळहिरडा. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात महादेव कोळी घरं तो उन्हाळ्यात गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. वर्षाचा बराच पैसा त्यातूनच येतो. जून 2020 च्या निसर्ग वादळानं या झाडांचंही मोठं नुकसान केलं होतं. हिरडा जातो औषधाला आणि कातडं कमवायला. त्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं होतं. हिरडा आणि हिराकस मिळून शाई होते ती याच गुणानं.

मामा पातं राखेनं घासून तेलकटपणा घालवतात आणि काढ्यात सोडतात. थोड्या वेळानं पक्कडीनं वर काढतात. चकचकीत पोलादावर आधी करडा, मग जांभळट डाग पसरत जातो. पुसतात, पुन्हा बुडवतात. तिसऱ्या खेपेला पातं ओल्या पाटीसारखं काळं झालंय. मग गोडेतेलाचा बोळा. शेवटी दगडावर धार घासली की काळ्या पात्याला एक पांढरी रेघ उरते. पावसात हिंडणाऱ्या चाकूला हा थर बराचसा गंज लागू देत नाही.

मुठी कशाकशाच्या करता, मी विचारतो. बैलगाडीच्या मोडक्या आऱ्याची बाभूळ, शिसवाचा तुकडा, म्हशीचं शिंग असं फळीवर पडलंय. एक गिऱ्हाईक मधेच म्हणतं, “सांबराचं शिंग बसवा ना, भारी दिसतं.” मामा वर न बघता सांगतात, “आपल्याकडं नाय मिळायचं.” भीमाशंकरचं अभयारण्य फार दूर नाही आणि 1972 चा वन्यजीव कायदा झडलेल्या शिंगाच्या व्यापारालाही माफी देत नाही. पात्याला मात्र कायद्याची अशी अडचण नाही. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांवरचं पातं येतं. शेतीकामाचं हत्यार त्यातून वगळलंय, आणि कलमाचा चाकू तर त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

पोरगा खिशातून द्राक्षाची काडी काढतो, एक काप घेतो, उलटून दुसरा. पाचर तयार. ती उजेडाकडे धरून बघतो, जिभेनं ‘टच्’ करतो आणि चाकू मिटतो.

मला राहवत नाही. “देतोस का हा? नव्याचे पैसे घे.”

“काका, हा दिला तर उद्या नखानं कलमं करू व्हय?” तो हसत गाडीला किक मारतो.

मामाही हसतात. संग्रह करणाऱ्याला इथं हीच अडचण आहे. जो चाकू बघताक्षणी घ्यावासा वाटतो, तो कामावर असतो. डब्यात वर येतात ते सुट्टी मिळालेले. त्यातला मघाचा बाभळीच्या मुठीचा मी बाजूला काढतो. नवं पातं कानशीचं, धार उजव्या अंगाची, रंग हिरड्याचा, एवढं सांगतो.

मामा खडूनं पत्र्यावर खूण करतात. “दसऱ्याला या. आधी कलमवाल्यांची कामं.” आणि माझा ओपिनेल परत द्यायचा सोडून फळीवर ठेवतात. “ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या तवर. कडी खोलून बघतो. जमली तर तुमच्या बाभळीला पन बसवू.”