यंत्राला सणसर कसे सापडते?

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सणसर हे गाव आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, उसाचे मळे, जवळच भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि आषाढीच्या वारीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम, यांमुळे हे नाव परिसरात सर्वांस ठाऊक आहे. पण हेच नाव रोमन लिपीत लिहून इंटरनेटवरील शोधयंत्राला विचारले, तर काय होईल? रोमन लिपीत ‘न’ आणि ‘ण’ यांना एकच अक्षर. ‘अ’ आणि ‘आ’ यांनाही बहुधा एकच. त्यामुळे ‘सणसर’ आणि ‘संसार’ यांचे स्पेलिंग अगदी सारखे होते! शिवाय जम्मू भागात सनासर नावाचे एक पर्यटनस्थळ आहे. या गर्दीत आपले गाव मागे पडले तर नवल नाही.

मग सणसरविषयी लिहिलेले एखादे पान शोधणाऱ्याला चटकन सापडावे, यासाठी काय करता येईल? या खटाटोपाला ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ असे लांबलचक नाव आहे. आपण त्यास ‘शोधसुलभता’ म्हणू. पुष्कळांना ही जादू वाटते. प्रत्यक्षात तो प्रयोगशाळेतल्या कोणत्याही प्रयोगासारखाच कारण आणि परिणाम तपासण्याचा विषय आहे.

सूची आधी, शोध नंतर

आपण शब्द टाइप केल्यावर शोधयंत्र साऱ्या जगातील पाने चाळू लागते, असा अनेकांचा समज असतो. तसे केले तर उत्तराला कित्येक दिवस लागतील. खरे काम आधीच झालेले असते. शोधयंत्राचे प्रोग्रॅम एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर असे सतत फिरत असतात. वाटेत भेटलेल्या प्रत्येक पानातील शब्द ते टिपून घेतात. या शब्दांची एक प्रचंड सूची तयार होते. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी जशी ‘अपवर्तन – पृष्ठे ४१, ४५’ अशी सूची असते, तशीच ही. आपण ‘सणसर’ असे विचारले की यंत्र फक्त या सूचीतील ‘सणसर’पुढचे पत्ते पाहते. ज्या पानाची नोंद सूचीत नाही, ते कितीही उत्तम असले तरी शोधयंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

यंत्राला आकडे दिसतात

संगणक अक्षराचे वळण पाहत नाही. त्याच्यापाशी प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवले आहेत. त्यात स म्हणजे २३६०, ण म्हणजे २३३९ आणि र म्हणजे २३५२. म्हणून ‘सणसर’ म्हणजे २३६०, २३३९, २३६०, २३५२. ‘संसार’ मात्र २३६०, २३०६, २३६०, २३६६, २३५२. रोमन लिपीत झालेला घोटाळा देवनागरीत मुळी होतच नाही!

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापले वेगळे फाँट वापरीत. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेले क्रमांक रोमन अक्षरांचे असत. वाचकाला जे मराठी वाटे, ते शोधयंत्राला निरर्थक रोमन अक्षरांची रांग वाटे. तेव्हा शोधसुलभतेचा पहिला नियम असा : मजकूर युनिकोड देवनागरीत असावा.

उसाचा ‘ऊ’ कोठे गेला?

दुसरी अडचण व्याकरणाची. ‘ऊस’ला प्रत्यय लागला की ‘उसाला’, ‘उसाचे’ होते; दीर्घ ‘ऊ’ जाऊन ऱ्हस्व ‘उ’ येतो. ‘दूध’चे ‘दुधात’ आणि ‘विहीर’चे ‘विहिरीत’ होते. व्याकरणाच्या तासाला हे सामान्यरूप तुम्ही शिकला आहातच. केवळ क्रमांक जुळवणाऱ्या यंत्राला मात्र ‘ऊस’ आणि ‘उसाला’ हे दोन निराळे शब्द वाटतात. आजची मोठी शोधयंत्रे मूळ शब्द ओळखण्याचा आणि वाक्याचा अर्थ लावण्याचाही प्रयत्न करतात. गूगलने २०१९ मध्ये ‘बर्ट’ ही भाषेचा संदर्भ जाणणारी पद्धत वापरात आणली. तरीही लोक विचारताना जो शब्द वापरतात, तो पानावर सहजपणे आलेला असावा, हे शहाणपणाचे.

पहिला नंबर कोणाचा?

एकच शब्द हजारो पानांत असेल तर क्रम कसा लावायचा? १९७२ साली इंग्लंडमधील कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने एक सोपी आणि मोलाची कल्पना मांडली : जो शब्द थोड्या पानांत येतो, त्याला अधिक वजन द्यावे. समजा, १००० पाने आहेत. ‘आहे’ हा शब्द ९०० पानांत आहे आणि ‘सणसर’ फक्त २ पानांत. १००० ला ९०० ने भागले तर सुमारे १.१ येतात, २ ने भागले तर ५००. म्हणजे निवड करताना ‘सणसर’ हा शब्द ‘आहे’पेक्षा कितीतरी उपयोगी. प्रत्यक्षात या भागाकाराचा लॉग घेतात.

पुढे १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘पेजरँक’ ही पद्धत प्रसिद्ध केली. एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा म्हणजे जणू एक मत. पण सर्व मते सारखी नसतात. ज्या पानाचे वजन ६ आहे त्याने तीन पानांना दुवे दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ येतात. वजन ४ असलेल्या पानाने एकालाच दुवा दिला, तर त्या एकाला पूर्ण ४ मिळतात. प्रत्यक्ष सूत्रात आणखीही गुणक आहेत, आणि आज क्रम ठरवताना इतर पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. पण मूळ कल्पना ही अशी आहे.

प्रयोग करू या

समजा, सणसर परिसरातील एखाद्या शाळेच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांनी दोन पाने लिहिली : एक उसाच्या पाचटावर, दुसरे ठिबक सिंचनावर. दोन्हींचे शीर्षक ‘आमचा प्रकल्प’ असेच आहे. आता पहिल्याचे शीर्षक बदलून ‘उसाचे पाचट न जाळता खत कसे करावे’ असे करा. दुसऱ्याला हात लावू नका. काही आठवडे थांबा, कारण सूचीत बदल उतरायला वेळ लागतो. ‘सर्च कन्सोल’ या गूगलच्या मोफत साधनात पान किती वेळा दाखवले गेले, किती जणांनी उघडले आणि सरासरी क्रम काय होता, हे पाहता येते. हे आकडे दर आठवड्याला वहीत नोंदवा.

न बदललेले पान कशासाठी? ते तुलनेसाठी. समजा, बदल केला आणि त्याच सुमारास पालखी गावात आली. सणसरची चौकशी करणारे वाढणारच. मग आकडा शीर्षकामुळे वाढला की वारीमुळे? दोन्ही पानांचा आकडा सारखाच वाढला, तर श्रेय शीर्षकाला देता येणार नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणखी एक सावधगिरी : स्वतःच्या मोबाइलवर शोधून क्रम ठरवू नका. ठिकाण, भाषा आणि आपले पूर्वीचे शोध यांनुसार निकाल बदलू शकतो. असा मोबाइल म्हणजे हातात धरून तापलेला तापमापक!

पहिला म्हणजे खरा नव्हे

काही जण आडवाटेने जातात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शंभरदा लिहितात, किंवा यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे दाखवतात. अशाच युक्तीसाठी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ काही काळ सूचीतून काढून टाकले होते.

पण याहून महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. शोधयंत्र शब्द, दुवे आणि वाचकांचा कल मोजते. पानातील विधान शेतात जाऊन तपासत नाही. तणनाशकाची चुकीची मात्रा सांगणारे पानही नीट मांडलेले असेल, तर वर येऊ शकते. त्यावर विसंबणाऱ्या शेतकऱ्याचे उभे पीक जाईल. तेव्हा आपले पान वर आणण्याची विद्या शिकणाऱ्याने त्यातील प्रत्येक आकडा आधी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून पाहिला पाहिजे. आणि वाचणाऱ्याने पहिल्या क्रमांकाचे पान उघडताना स्वतःला विचारावे : हे कोणी लिहिले, कशाच्या आधारावर लिहिले, आणि दुसरे जाणकार काय म्हणतात?