रिपोर्ट नॉर्मल, तरी उभे राहिले की अंधारी का येते? कोरोना आणि आपली स्वायत्त चेतासंस्था

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि आपल्या बोलण्यातून कोरोना जवळपास निघून गेला. पण वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला आजही असे तरुण-तरुणी भेटतात, ज्यांना कोरोना अगदी सौम्य झाला होता, दवाखान्यात भरती व्हावे लागले नव्हते, तरी त्यानंतर तब्येत पूर्वपदावर आली नाही. रेशनच्या रांगेत उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. आंघोळ करून बाहेर आले की छाती धडधडते. अभ्यासाला बसले की डोक्यात धुके भरल्यासारखे होते. ईसीजी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. मग घरचे म्हणतात, 'कामचुकारपणा आहे.' दवाखान्यात सांगतात, 'टेन्शन घेऊ नका.' आणि कुणीतरी 'बाहेरचे काही आहे का बघा' असेही सुचवतेच.

यातील अनेकांचा त्रास खरा असतो, शरीराचा असतो आणि तो मोजता येतो. मोजण्यासाठी महागड्या यंत्राचीही गरज नाही. आपल्या कार्यकर्त्यांना हे माहीत असले, तर अनेकांची वर्षे वाया जाणे थांबेल, म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

ही चेतासंस्था करते काय?

हात उचलणे, बोलणे, चालणे ही कामे आपण ठरवून करतो. पण हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, पचन, लघवी, शरीराचे तापमान यांकडे आपण लक्ष देत नाही. ती कामे स्वायत्त चेतासंस्था आपोआप सांभाळते. तिचे दोन मुख्य भाग आहेत. अनुकंपी भाग गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखा आहे: धोका दिसला, कष्ट पडले की ठोके वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो. परानुकंपी भाग ब्रेकसारखा: ठोके शांत करतो, पचन आणि विश्रांतीकडे शरीराला वळवतो. या दुसऱ्या भागाचा बराचसा कारभार व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूमार्फत चालतो. मेंदूच्या तळापासून निघून तो मान, हृदय, फुप्फुसे आणि आतड्यांपर्यंत पोहोचतो.

या संस्थेची खरी परीक्षा रोज होते ती आपण उठून उभे राहतो तेव्हा. उभे राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त गुरुत्वाकर्षणाने पोटाकडे आणि पायांकडे उतरते. मानेतील आणि हृदयाजवळील मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब ओळखणारी केंद्रे असतात. ती लगेच मेंदूला खबर देतात. मेंदू पायांच्या रक्तवाहिन्या आवळायला सांगतो, ठोके मिनिटाला साधारण १० ते २० ने वाढवतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा कायम राहतो. हे सगळे काही सेकंदांत होते, आपल्या लक्षातही येत नाही.

कोरोनानंतर काय बिघडते?

काहींमध्ये हीच यंत्रणा नीट चालत नाही. पायांत उतरलेले रक्त पुरेसे वर येत नाही, म्हणून हृदय ठोके वाढवून तूट भरून काढू पाहते. प्रौढ व्यक्तीचे ठोके उभे राहिल्यानंतर १० मिनिटांच्या आत ३० किंवा त्याहून अधिक वाढले (१२ ते १९ वयोगटात ४०), रक्तदाब मात्र फारसा घसरला नाही, आणि असा त्रास तीन महिन्यांहून अधिक राहिला, तर त्या अवस्थेला वैद्यकात 'पॉट्स' म्हणतात. काहींमध्ये उलट घडते: उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने घसरतो.

ठोके वाढवण्यासाठी शरीर ॲड्रिनॅलिनसारखी रसायने सोडते. त्यामुळे हात थरथरतात, घाम येतो, भीती वाटल्यासारखे होते. म्हणूनच हा त्रास 'घबराट' म्हणून बाजूला सारला जातो. मेंदूला रक्त कमी पडल्याने विसराळूपणा येतो, एकाग्रता जाते. आतड्यांचे नियंत्रण बिघडल्याने मळमळ, पोट फुगणे, कधी बद्धकोष्ठता तर कधी जुलाब होतात. एकाच माणसाला इतक्या वेगवेगळ्या तक्रारी असल्या की ऐकणाऱ्याला त्या खोट्या वाटतात. प्रत्यक्षात त्या एकाच धाग्याने जोडलेल्या असतात.

विषाणूमुळे हे का होते, याची काही कारणे संशोधक मांडतात. विषाणूशी लढण्यासाठी तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर किंवा त्यांचे निरोप घेणाऱ्या पेशींवर उलटते. त्वचेतील आणि रक्तवाहिन्यांभोवतीचे बारीक मज्जातंतू जखमी होतात. काहींमध्ये शरीरातील एकूण रक्ताचे प्रमाण घटते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये 'सेल' या नियतकालिकात मांडले, की आतड्यांत रेंगाळलेले विषाणूचे अवशेष सेरोटोनिन कमी करतात आणि त्यातून व्हेगसचे काम मंदावू शकते. प्रत्येक रुग्णात कारण एकच असेल असे नाही.

आजार जुना, दुर्लक्षही जुने

अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांमध्ये ताप, जुलाब यांसारख्या आजारांनंतर धडधड आणि थकवा राहत असल्याचे डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये नोंदवले होते. पॉट्सची आजची व्याख्या १९९३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून पुढे आली. विषाणूजन्य तापानंतर हा त्रास सुरू होतो आणि तो पंधरा ते पन्नास वयोगटातील स्त्रियांमध्ये अधिक दिसतो, हे डॉक्टरांना कोरोनाआधीही ठाऊक होते. २०२१ मध्ये अमेरिकन ऑटोनॉमिक सोसायटीने लाँग कोविडमधील पॉट्सविषयी स्वतंत्र निवेदन काढले. म्हणजे ज्ञान होते. ते आपल्या वस्तीतल्या दवाखान्यापर्यंत पोहोचले नाही.

घरच्या घरी मोजायचे कसे?

ईसीजी आडवे झोपवून काढतात, रक्तदाब बसवून घेतात. त्रास मात्र उभे राहिल्यावर होतो. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येणे साहजिक आहे.

२०२१ मध्ये अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला गेला. त्यावर ऑक्सिजनच्या जोडीला ठोक्यांचाही आकडा दिसतो. तो नसेल तर मनगटावरची नाडी मोजावी. १० मिनिटे शांत आडवे पडावे आणि ठोके लिहावेत. मग उभे राहावे. हालचाल करू नये, बोलू नये. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला ठोके लिहावेत. शक्य असल्यास रक्तदाबही मोजावा. जवळ कुणीतरी असलेच पाहिजे आणि चक्कर वाटली की लगेच आडवे व्हावे. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी हे करून तो कागद डॉक्टरांना दाखवावा. 'मला कसेतरी होते' यापेक्षा 'झोपलेले असताना ७४, उभे राहिल्यावर ११६' हे वाक्य दवाखान्यात जास्त ऐकले जाते.

हा कागद म्हणजे निदान नव्हे. रक्तक्षय, थायरॉइड, क्षयरोग, शरीरातील पाणी कमी होणे, काही औषधे यांमुळेही ठोके वाढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, म्हणून हिमोग्लोबिन आधी तपासावे. छातीत दुखणे, बसल्या जागी दम लागणे, श्रम करताना शुद्ध हरपणे किंवा एका बाजूची ताकद जाणे असे झाले, तर घरी मोजत न बसता तातडीने मोठा दवाखाना गाठावा.

काय करावे?

डॉक्टर सहसा दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी आणि जेवणात जास्त मीठ सुचवतात. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र स्वतःच्या मनाने मीठ वाढवू नये. अंथरुणातून उठताना आधी बसावे, मग उभे राहावे. उभे राहणे टळत नसेल तर पायावर पाय घेऊन पोटऱ्या आणि मांड्या आवळाव्यात. एकदम भरपेट जेवण्याऐवजी थोडे थोडे खावे. उन्हाने रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे पत्र्याच्या घरात एप्रिल-मे अधिक जड जातात. पोटापर्यंत येणारे घट्ट मोजे काहींना उपयोगी पडतात. औषधेही आहेत, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची.

व्यायाम आडवे पडून, बसून, हळूहळू वाढवावा. मात्र थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागत असेल, तर जोर लावू नये. अशा वेळी 'जिद्द ठेव' हा सल्ला अपाय करतो.

ध्यानाबद्दलही स्पष्ट बोलू. स्वायत्त कामांपैकी श्वास हे एक असे काम आहे, जे आपोआपही चालते आणि आपल्या ताब्यातही येते. संथ श्वासाने व्हेगसचे काम वाढते, ठोके शांत होतात. त्यामुळे आनापानाने आराम पडू शकतो. पण तो उपचाराला पर्याय नाही. विहारात वंदनेला उभे राहता येत नसेल, तर त्या व्यक्तीला खुर्ची द्यावी. तिची श्रद्धा मोजू नये.

उभे राहण्याची सक्ती कुणावर?

समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये 'आजारी माणसाची भूमिका' ही कल्पना मांडली. आजारी माणसाला कामातून सूट मिळते, पण समाजाने त्याचा आजार मान्य केला तरच. ज्याच्या रिपोर्टवर काही दिसत नाही, त्याला ही मान्यता मिळत नाही. खुर्चीवर बसून काम करणारा या आजाराशी कसाबसा जुळवून घेतो. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या ताया, दुकानातील विक्रेत्या मुली, बिगारी यांना दिवसभर उभेच राहावे लागते. भरपूर पाणी प्या, हा सल्लाही त्यांच्यासाठी सोपा नाही. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसल्याने अनेक स्त्रिया मुद्दाम पाणी कमी पितात.

केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. केरळमध्ये त्यामागे दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांचा लढा होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत दीर्घकालीन चेताविकार आहेत, पण पॉट्सचे नाव नाही. एक खुर्ची आणि एक स्वच्छतागृह हासुद्धा आरोग्याचाच प्रश्न आहे, आणि तो संघटनेनेच सुटतो.

पुढच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजताना रुग्णाला एकदा झोपवून आणि एकदा उभे करूनही मोजावे, एवढी सुरुवात प्रत्येक शाखा करू शकते. त्यासाठी दोन चटया आणि प्रत्येकामागे २० मिनिटे लागतील. आणि ज्या मुलाला आपण आजवर आळशी म्हणत आलो, त्याला आधी विचारू या: उभे राहिल्यावर तुला नेमके काय होते?