निळा पडदा

कान दुखत नाही, वाहतही नाही. पण कित्येक महिने दडा बसलाय आणि ऐकू कमी येतंय. डॉक्टर दुर्बिणीतून पाहतात, तर एरवी मोतिया-करडा दिसणारा पडदा चक्क निळसर! मध्यकर्णातल्या कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमाची ही ठळक खूण.

नाकामागून कानात हवा पोचवणारी नळी तुंबली की आतला दाब घटतो, अस्तरातून रक्त झिरपतं. रक्तपेशी फुटून कोलेस्टेरॉलचे टोकदार स्फटिक उरतात. शरीर त्यांना परकं समजतं, भोवती सूज धरते आणि पुन्हा रक्त झिरपतं. रक्ततपासणीतल्या कोलेस्टेरॉलशी याचा संबंध नाही. तूप सोडून हा कान बरा होत नाही.

निळा पडदा दिसला म्हणून घाईने छेद मुळीच देऊ नये. मागे रक्तवाहिन्यांची गाठ किंवा वर सरकलेली मोठी शीर असू शकते. सीटी स्कॅनमध्ये हाडाची झीज कळते. निवाडा बहुधा एमआरआय करतो. टी-१ आणि टी-२ या दोन्ही प्रतिमांत ग्रॅन्युलोमा पांढराशुभ्र चमकतो. कोलेस्टिएटोमा, म्हणजे मध्यकर्णात वाढणारी त्वचेची गाठ, टी-१वर तशी चमकत नाही.

उपचार म्हणून पडद्यात ग्रोमेट ही इवलीशी नळी बसवतात, पण आतला द्रव जळक्या इंजिन ऑइलसारखा काळपट, घट्ट. त्यामुळे ग्रोमेट तुंबते. मग कानामागचं हाड कोरून, गाठ काढून हवेची वाट मोकळी करावी लागते. मूळ नळीचा दोष राहिला तर आजार उलटतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही कान तपासत राहावा लागतो.