कायदा उंबऱ्यापर्यंत येतो

संक्रांत आली की गावोगाव हळदीकुंकू सुरू होते. बायका ठेवणीतले लुगडे नेसतात. कुणी तिळगूळ देते, कुणी वाण लुटते. आळीतल्या घरोघर बोलावणे जाते. एका घरी मात्र जात नाही. त्या घरची बाई विधवा आहे. गेल्या साली ती सगळ्यांच्या बरोबर हिंडत होती. यंदा तिचा नवरा नाही, म्हणून तिला बोलावणेही नाही.

आता आम्ही तुम्हाला एक विचारतो. या बाईने पोलीस चौकीत जाऊन तक्रार करावी काय? "मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही," असे तिने सांगितले, तर पोलीस काय लिहून घेतील? शेजारणीने बोलावलेच पाहिजे असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. म्हणजे शेजारणीने कायदा मोडला नाही. मग तिने वाईट काहीच केले नाही, असे म्हणायचे काय? आपले मन तसे म्हणत नाही.

कायदा मोडला नाही, एवढ्याने माणूस चांगला ठरत नाही. ते कसे, हे आपण या पाठात पाहू.

कायद्याने काय केले?

कायदा फुकट आहे, असे कोणी समजू नये. एके काळी आपल्या देशात काही ठिकाणी नवऱ्याच्या चितेवर त्याच्या बायकोला जाळीत असत. त्याला सती जाणे म्हणत. राजा राममोहन रॉय यांनी या चालीविरुद्ध आवाज उठवला. १८२९ साली बंगालमध्ये सतीची चाल कायद्याने बंद झाली. पुढच्याच साली ती मुंबई इलाख्यातही बंद झाली.

जीव वाचला, पण पुढे काय? पुष्कळ जातींत विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी त्यासाठी खटपट केली. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. विधवेने लग्न केले, तर ते कायद्याने खरे लग्न ठरू लागले.

पुढे देश स्वतंत्र झाला. १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मालकीच्या मिळकतीत विधवेला मुलाइतकाच हिस्सा मिळतो. त्या हिश्शाची ती पुरी मालकीण होते.

हे कायदे झाले नसते तर बायकांचे फार हाल झाले असते. कायदा हा शेताच्या कुंपणासारखा आहे. कुंपण नसेल तर गुरे शिरतात आणि पीक खाऊन जातात. म्हणून कुंपण हवेच. पण नुसत्या कुंपणाने पीक येते काय? आत नांगरावे लागते, पेरावे लागते. ते काम आपले आहे.

कायदा होता, पण गाव नव्हते

धोंडो केशव कर्वे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. लोक त्यांना महर्षी कर्वे म्हणत. ते कोकणातल्या दापोलीजवळच्या मुरूड गावचे. पुण्याला कॉलेजात ते गणित शिकवीत. त्यांची पहिली बायको वारली. तेव्हा त्यांनी ठरवले की, पुन्हा लग्न करायचे ते विधवेशीच. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई अगदी लहानपणीच विधवा झाल्या होत्या.

आता हिशेब करा. कायदा झाला १८५६ साली आणि हे लग्न झाले १८९३ साली. मध्ये ३७ वर्षे गेली. कायदा कर्व्यांच्या बाजूने होता. तरी गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कायद्याने लग्न खरे ठरवले, पण पंगतीला बसवणे कायद्याच्या हातात नव्हते. ते गावाच्या हातात होते.

कर्वे डगमगले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. १९५८ साली सरकारने त्यांना भारतरत्न हा सन्मान दिला. ज्याला एके दिवशी गावाने दूर लोटले, त्याला पुढे साऱ्या देशाने नमस्कार केला.

हात कोणाचा?

त्या काळी काही जातींत विधवेचे केस काढून टाकीत. त्याला केशवपन म्हणत. हे काम न्हाव्याकडून करून घेत. १८९० साली मुंबईत न्हावी मंडळींची सभा झाली. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यात पुढाकार घेतला होता. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असे त्या सभेत ठरले.

त्यांना तसा हुकूम कोणत्याही सरकारने दिला नव्हता. उलट, त्यात त्यांची मजुरी बुडणार होती. "रीत लोकांची, आम्ही काय, नुसते हातावर पोट असलेले," असे त्यांना म्हणता आले असते. ते तसे म्हणाले नाहीत. वस्तरा माझ्या हातात आहे, तेव्हा जबाबदारीही माझी आहे, हे त्यांनी ओळखले.

हेरवाडची गोष्ट

आता अलीकडची गोष्ट ऐका. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. नवरा वारला की बायकोचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचे, जोडवी काढायची, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आहे. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, आपल्या गावात ही रीत बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढले. इतर गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा, असे त्यात सांगितले.

पाहा, १८५६ साली कायदा पुढे होता आणि लोक मागे होते. हेरवाडला गाव पुढे गेले आणि सरकार मागून आले.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ठराव झाला तरी तो कागदच. ज्या दिवशी घरात माणूस जातो, त्या दिवशी ठराव कुणी वाचीत बसत नाही. तेव्हा बांगडी फोडायला एक हात पुढे येतो. तो हात सासूचा असेल, नणंदेचा असेल, शेजारणीचा असेल. तो हात थांबला तरच ठराव खरा झाला.

लोक काय म्हणतील?

"आमच्या मनात आहे हो, पण लोक काय म्हणतील?" असे कोणी म्हणेल. लोक म्हणजे कोण? शेजारी आपल्याला भितो, आपण शेजाऱ्याला भितो. दोघांच्याही मनात तेच असते, पण आधी कुणी बोलत नाही. पहिल्याने तोंड उघडले की दुसऱ्याला धीर येतो.

मग आपण करायचे काय? तीन गोष्टी सांगतो.

एक : दुःखाच्या दिवशी त्या बाईला विचारल्याशिवाय तिच्या अंगावरच्या कशालाही हात लावू नका. कुंकू लावायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. पुसायची जबरदस्ती नको, तशी लावायचीही नको.

दोन : कोणी तिच्यापुढे कागद ठेवून "इथं अंगठा कर" म्हणाले, तर तिच्याजवळ बसा. तुम्हाला आता वाचता येते. कागद मोठ्याने वाचून दाखवा. हक्कसोडीचा कागद असेल, तर त्याचा अर्थ तिला समजावून द्या. सातबारावर वारस म्हणून तिचे नाव लागले की नाही, ते पाहायला तिला मदत करा. कायद्याने दिलेला हिस्सा घरातल्याच माणसांनी काढून घेतला, तर कुंपणानेच शेत खाल्ले असे होईल.

तीन : लग्न असो, बारसे असो, हळदीकुंकू असो, तिला बोलावणे करा. निरोप धाडू नका. स्वतः जा.

कायदा उंबऱ्यापर्यंत येतो. उंबऱ्याच्या आत त्याला नेणारे आपणच. पुढच्या संक्रांतीला बोलावणे करायला निघाल तेव्हा ते एक घर गाळू नका. दारात उभे राहून म्हणा, "वहिनी, चला. तुमच्यासाठी थांबलोय."