नोंद गेली कुठे? (लेखांक ७)

ईजेबीच्या मेथडला ‘रिक्वायर्स-न्यू’ हा गुणधर्म दिला की कंटेनर चालू ट्रान्झॅक्शन बाजूला ठेवतो, नवे उघडतो, त्याचा स्वतंत्र निकाल लावतो आणि मग जुने पुढे चालू करतो. मागचा भाग वाचून एका वाचकाने हे लगेच वापरले. पैसे वळते करण्याचा व्यवहार फसला तरी फसल्याची नोंद ऑडिट टेबलात राहावी, एवढाच हेतू. व्यवहार रोलबॅक झाला आणि नोंदही त्याच्याबरोबर गेली. गुणधर्म अचूक लिहिलेला, सर्व्हरची तक्रार नाही, मग नोंद गेली कुठे? अनुभवी मंडळींच्या प्रशिक्षणात हा प्रश्न हटकून येतो, म्हणून स्टेटफुल बीनचे ठरलेले प्रकरण एक आठवडा पुढे ढकलले आहे.

नोंद करणारी मेथड त्याच बीनमध्ये होती आणि तिला ‘धिस’वरून बोलावले होते. सगळी गोम तिथे आहे. क्लायंटच्या हाती बीनचा ऑब्जेक्ट कधीच येत नाही. येतो तो कंटेनरने पुढे केलेला प्रतिनिधी. कॉल आधी त्याच्याकडे जातो, तिथे ट्रान्झॅक्शन पाहिले जाते, परवानगी तपासली जाते आणि मग खरी मेथड चालते. बीनने आपल्याच मेथडला बोलावले तर तो साधा जावा कॉल. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत बाहेरून येणाऱ्याचे नाव चढते. तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड चौथ्यावर गप्पा मारायला गेले तर वॉचमनला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे ‘रिक्वायर्स-न्यू’ कोणी वाचलेच नाही आणि नोंद जुन्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पडली.

यावर उपाय दोन. नोंदीची मेथड वेगळ्या बीनमध्ये हलवणे हा पहिला. दुसरा ईजेबी 3.0 पासूनचा: सेशन-कॉन्टेक्स्टच्या ‘गेट-बिझनेस-ऑब्जेक्ट’ने स्वतःचाच प्रतिनिधी मागून घेणे आणि त्याच्यामार्फत कॉल करणे. दुसराही नियमाला धरून आहे, पण सहा महिन्यांनी तो कोड वाचणारा डोके खाजवत बसतो. पहिलाच बरा.

नवशिका इथे क्वचित अडकतो, कारण तो सगळे एकाच लांबलचक मेथडमध्ये कोंबतो. अनुभवी माणूस चांगल्या सवयीने तिचे लहान तुकडे पाडतो आणि सापडतो. त्यातही पूर्वीचे काम कोणते, यावर बरेच अवलंबून असते. आयबीएमच्या सीआयसीएसवर काम केलेल्या कोबोलच्या माणसाला ट्रान्झॅक्शनचा कारभार दुसऱ्या कोणाकडे असतो हे नवे वाटत नाही; ती प्रणाली 1969 पासून हेच करत आली आहे. जेडीबीसीत ऑटो-कमिट बंद करून कमिट स्वतःच्या हाताने लिहिलेल्याला मात्र हात आवरणे जड जाते. कंटेनर ट्रान्झॅक्शन सांभाळत असेल तर बीनने कनेक्शनवर कमिट बोलावू नये, असे स्पेसिफिकेशन बजावते. थ्रेड सुरू करायलाही मनाई आहे. ही कलमे वर्गात वाचून दाखवली की सगळे माना डोलावतात, आणि दुपारच्या लॅबमध्ये नेमके तेच करतात.

म्हणून आधी लॅब, मग व्याख्यान. एक लॅब तर कधीच चुकवू नये. खाते ‘अ’मधून 500 रुपये वजा करायचे, मग खाते ‘ब’ बंद असल्याचे आढळते आणि बीन एक चेक्ड एक्सेप्शन फेकते. टेबल उघडण्याआधी सर्वांनी अंदाज कागदावर लिहायचा. बहुतेक जण ‘रोलबॅक’ लिहितात. टेबल उघडावे तर ‘अ’मधून पैसे गेलेले, ‘ब’मध्ये आलेले नाहीत आणि ट्रान्झॅक्शन व्यवस्थित कमिट झालेले.

ही सर्व्हरची चूक नव्हे. मेथडच्या थ्रोज कलमात जाहीर केलेले चेक्ड एक्सेप्शन हे ‘अ‍ॅप्लिकेशन एक्सेप्शन’ धरले जाते. तो धंद्याच्या बोलण्याचा भाग. क्लायंट त्यातून वाट काढू शकेल, असे समजून कंटेनर ट्रान्झॅक्शनला हात लावत नाही. रोलबॅक हवा असेल तर बीनने आधी ‘सेट-रोलबॅक-ओन्ली’ म्हणायला हवे, किंवा 3.0 पासून त्या एक्सेप्शनवर तसे अ‍ॅनोटेशन हवे. रनटाइम एक्सेप्शनची गोष्ट निराळी: रोलबॅक तर होतोच, शिवाय ते बीन इन्स्टन्सही फेकून दिले जाते. एसक्यूएल-एक्सेप्शनसुद्धा चेक्डच, त्यामुळे ते थ्रोजमध्ये तसेच सोडणारा अर्धवट काम कमिट करून मोकळा होतो. ते ईजेबी-एक्सेप्शनमध्ये गुंडाळून फेकावे.

आता पुन्हा त्या नोंदीकडे. ती वेगळ्या बीनमध्ये गेली, सगळे चालले, आणि पहिल्याच गर्दीत सर्व्हर गोठला, असेही होते. बाजूला ठेवलेले ट्रान्झॅक्शन आपले कनेक्शन सोडत नाही. नव्याला दुसरे लागते. म्हणजे एकाच थ्रेडला एका वेळी दोन कनेक्शने. पूलमध्ये दहा असतील आणि दहा थ्रेड एकाच वेळी पहिले धरून बसले, तर दुसरे कोणालाच मिळत नाही. शिवाय बाहेरच्या ट्रान्झॅक्शनने लॉक केलेल्या ओळीला आतल्याने हात घातला, तर आतले बाहेरच्यासाठी थांबते आणि बाहेरचे आतल्यासाठी. डेटाबेसला हा डेडलॉक ओळखता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने बाहेरचे नुसते स्वस्थ बसलेले असते.

ईजेबी इतिहासजमा झाले, आता स्प्रिंग आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. ईजेबी 1.0 1998 चे. होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस आणि एक्सएमएलचा पसारा यांवर रॉड जॉन्सन यांनी 2002 च्या पुस्तकात कडक टीका केली, त्यातूनच स्प्रिंग उभे राहिले, आणि 2006 मध्ये ईजेबी 3.0 ने तो पसारा स्वतःच बराच आवरला. प्रतिनिधी मात्र दोन्हीकडे राहिला. स्प्रिंगच्या ‘ट्रान्झॅक्शनल’ अ‍ॅनोटेशनलाही नेहमीच्या प्रॉक्सी मांडणीत ‘धिस’चा कॉल दिसत नाही, आणि ठरीव नियमाने चेक्ड एक्सेप्शनवर तिथेही रोलबॅक होत नाही.

स्टेटफुल बीन पुढच्या आठवड्यात. तोवर वाचकांनी आपल्या टेस्ट सर्व्हरवर पूलचा आकार एक ठेवून ‘रिक्वायर्स-न्यू’ची लॅब चालवावी, टाइमआउट होईपर्यंत काहीच हलत नाही.