वाजवून घेतलेलं नाणं

मोताळा तालुक्यातलं घाटाखालचं रोहिणखेड जुन्या मशिदीसाठी आणि लढायांसाठी इतिहासात नोंदलेलं आहे. तिथं एका ओळखीच्या घरी ओसरीवर मी नाण्यांची जादू दाखवायला बसलो. समोरच्या माणसांनी आयुष्यभर बाजारात सुटे पैसे मोजलेले. एका आजोबांनी नाणं मागून घेतलं, बोटानं कड चाचपली आणि पायरीच्या दगडावर आपटून कान दिला. 'वाजवून घेणं' म्हणतात ते हेच.

नाणं खणखणलं. ते खरंच होतं. दुसरं माझ्या डाव्या हातात, मधल्या दोन बोटांच्या मुळाशी दडलेलं होतं.

त्या दुसऱ्याला आम्ही शेल म्हणतो. शेल म्हणजे नाण्याचं टोपण. लेथवर नाण्याच्या पोटातला धातू कोरून काढतात; एका बाजूचा छाप आणि भोवतीची कड तेवढी उरते. खऱ्या नाण्यावर ते बसवलं की दोन्ही मिळून एकच नाणं दिसतं, अलगद सरकवलं की एकाची दोन होतात. बनावटीचे आणखीही प्रकार आहेत. काही नाणी तीन तुकडे करून कडेच्या खाचेत रबर बसवलेली असतात. ती दुमडून बाटलीच्या तोंडातून आत जातात. दोन्हीकडे छापा असलेलं नाणं तर १९७५ च्या 'शोले'मुळे सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

माझं शेल अमेरिकी अर्ध्या डॉलरचं, तयार विकत घेतलेलं. आपलं नाणं कोरायला मी धजत नाही. २०११ च्या नाणे कायद्यानं नाणं वितळवायला आणि नष्ट करायला बंदी आहे. शिवाय अर्धा डॉलर ३० मिलिमीटरहून थोडा मोठा असल्यानं ओसरीच्या टोकाला बसलेल्यांनाही दिसतो. पण परकं नाणं दिसलं की सगळ्या नजरा त्याच्यावरच खिळतात. म्हणून खरा अर्धा डॉलर मी आधी हातोहात फिरू देतो. पोरांनी त्याला चुंबक लावून पाहिलं. आपला स्टीलचा रुपया चिकटला, हा चिकटला नाही. सगळ्यांचं समाधान झालं, नाणं परत आलं, आणि ते घेता घेताच शेल त्याच्यावर जाऊन बसलं.

या कामात सगळ्यात जपावं लागतं ते आवाजाला. शेल पातळ, त्यामुळे ते बद्द वाजतं. ते खाली पडू द्यायचं नाही. पडायचं ते खऱ्यानंच. सरकवताना कडा घासल्या तर बारीक किसल्यासारखा आवाज येतो. 'नाणी बोलली,' असं आम्ही म्हणतो. ती गप्प राहावीत म्हणून मी महिनोन्‌महिने गोधडीवर बसून सराव केला. नाणं बोटांत दडवायचं आणि त्याच हातानं चहाचा कप उचलायचा, दार लोटायचं, आल्यागेल्याला नमस्कार करायचा. जे. बी. बोबो यांच्या १९५२ च्या 'मॉडर्न कॉइन मॅजिक' या ग्रंथातही बहुतेक पानं साध्या नाण्यांच्या हातचलाखीचीच आहेत. हात अवघडला, तर महागातलं शेलही उघडं पडतं.

एकाची दोन झाली तशी एका मुलानं विचारलं, "दादा, आमच्या घरचे पैसे दुप्पट करून देता काय?"

मी थांबलो. पैशांचा पाऊस पाडून देतो म्हणत लोकांना लुबाडणारे भोंदू याच चलाखीवर जगतात. चमत्काराचा दावा करून फसवणाऱ्यांसाठी राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. मी त्याला सांगितलं, "नाही रे. पैसा वाढत नसतो. ही नुसती हाताची चलाखी आहे, आणि कुणी पैसे वाढवून देतो म्हणाला तर त्याचीही तीच असते." हे बोलल्याशिवाय मी खेळ आवरत नाही.

उठताना आजोबांनी पुन्हा हात पुढे केला. मी नाणं दिलं. त्यांनी ते पायरीवर वाजवलं. "हे तं खणखणीत हाय," ते म्हणाले. "याचा जोडीदार कुठी हाय?"

मी हात जोडून त्यांना नमस्कार केला. जोडीदार दोन तळव्यांच्या मध्ये होता.