तास भरले का?

कॅनडात शिकायला आलेली आपली मुलं कॉलेज संपलं की एकमेकांना विचारतात, "तास भरले का?" विषय पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचा असतो. 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास'मधून अर्ज करायचा तर मागच्या तीन वर्षांत कॅनडातल्या कुशल कामाचे 1,560 तास दाखवावे लागतात. आठवड्याला 30 तास धरले तर 52 आठवडे. ऑफिसात नऊ ते पाच बसणाऱ्याला ते मोजावेही लागत नाहीत. माझा भाचा ब्रॅम्प्टनच्या एका रेस्टॉरंटमध्ये कुक आहे. त्याचे तास आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मोजले.

हॉटेलचं काम हंगामाचं. जुलैत बाहेरची टेबलंही भरलेली, आठवड्याचे 48 तास सहज होतात. जानेवारीत बर्फ पडलं की मॅनेजर शिफ्टा कापतो. तास 18 वर येतात. सरासरी तिसाच्या वर जाते, पण सरासरीला कुणी विचारत नाही. एका आठवड्यातले 30 च्या वरचे तास धरतच नाहीत. जुलैतले जास्तीचे 18 वाया, जानेवारीतले कमी पडलेले 12 कमीच.

त्यात पगाराची स्लिप दोन आठवड्यांची. एकीवर 72 तास होते. मी 60 लिहिले. त्यानं फोनवर रोस्टर उघडलं: पहिल्या आठवड्यात 48, दुसऱ्यात 24. म्हणजे हाती 54. प्रत्येक स्लिप अशी फोडावी लागली. मॅनेजर दर रविवारी ग्रुपवर रोस्टरचा फोटो टाकतो. ते फोटो पोरानं जपून ठेवले होते म्हणून निभावलं. ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी केलेली शिफ्ट मात्र रोस्टरवर नसते. ती स्लिपेवरच्या आकड्यावरून हुडकायची.

हिवाळ्यात भाडं निघावं म्हणून त्यानं कॉफीच्या दुकानात काउंटरही सांभाळला होता. ते तास मी वेगळ्या रकान्यात मांडायला घेतले.

"मावशी, ते नको लिहूस. ते धरत नाहीत."

सरकारी वर्गवारीत कुक तिसऱ्या पायरीवर, चालतो. काउंटरचं काम पाचव्या, चालत नाही. दुसरीकडे कुक म्हणूनच काम मिळालं असतं तर दोन्हीकडचे तास जोडता आले असते. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं कामही बाद.

वर्षाचा अनुभव कुणी सहा महिन्यांत उरकू नये, हा नियमामागचा हेतू मला समजतो. पण आठवड्याला 15 तास दोन वर्षं केलेले चालतात, मग ज्याच्या शिफ्टा दुसराच ठरवतो त्याची वर्षाची बेरीज धरायला काय हरकत आहे? शिक्षणानंतरचं वर्क परमिट एकदाच मिळतं. तीन वर्षांची चौकटही पुढं सरकत राहते, आणि सुरुवातीला भरलेले तास तिच्यातून बाहेर पडतात.

शेवटचं काम मालकाच्या पत्राचं. त्यात कामाचं स्वरूप, पगार आणि आठवड्याचे तास लागतात. पहिल्या पत्रात मॅनेजरनं "आठवड्याला 30 ते 40 तास" असं लिहून टाकलं होतं. जानेवारीच्या स्लिपा त्याला उघडच खोटं पाडत होत्या. भाचा आमचा तक्ता घेऊन पुन्हा गेला, महिनावार तास लिहून मागितले. जाता जाता हेही सांगितलं, की उन्हाळ्यातल्या जादा शिफ्टा दुसऱ्या कुणाला द्या, पण हिवाळ्यात मला तिसाच्या खाली आणू नका. पत्र मॅनेजरनं बदलून दिलं. शिफ्टांचं बघू म्हणाला.